भावाचा कणा मोडला. जबाबदार कोण आणि हिशेब मांडायचा कसा?

व्हाळाकाठी | 16 नोव्हेंबर, रात्री 10.42

धागा लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

चवथीच्या आदल्या रविवारी, 24 ऑगस्टला, माझा धाकटा भाऊ आणि त्याचा दोस्त म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीचं) सामान घेऊन डिचोलीला परतत होते. स्कूटर दोस्ताची, चालवत होता दोस्त, भाऊ मागे. त्याच्या मांडीवर पिशवी: तोरिंजण, आंबाडे, सुपारीचं शिपटं. अस्नोड्याच्या अलीकडे एक रेंट-अ-कार (काळी पाटी, पिवळी अक्षरं) आतल्या रस्त्यावरून न थांबता मुख्य रस्त्यावर आली. दोस्तानं ब्रेक दाबला, स्कूटर घसरून गाडीच्या दारावर आदळली आणि भाऊ उडून मोरीच्या कठड्यावर पाठीवर पडला. दोस्ताचं मनगट मोडलं. भावाचा डी-10 मणका (पाठीचा दहावा).

वय 29. ए.सी.-फ्रिज दुरुस्तीचा स्वतःचा धंदा. बेंबीखाली संवेदना नाही, लघवी कळत नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन झालं, पट्टी-स्क्रू बसले, घरी येऊन दीड महिना झाला. डॉक्टरांनी "कम्प्लीट" हा शब्द वापरला. मला वाटलं, उपचार कम्प्लीट झाले. दोन दिवसांनी अर्थ कळला.

आता प्रश्न. पोलिसांनी गुन्हा गाडीवाल्यावर नोंदवलाय, तो टुरिस्ट आपल्या राज्यात परत गेला. पंचनाम्यात मात्र स्कूटर "भरधाव" होती असं एक वाक्य आहे. विमा कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणतो, चूक दोघांची. एक वकील म्हणतो, दोस्तालाही प्रतिवादी करा. आई म्हणते, ज्या पोरानं रस्त्यावर बसून भावाचं डोकं मांडीवर घेतलं त्याच्यावर केस घातलीत तर मी जेवणार नाही.

जबाबदार नक्की कुणाला धरतात? आणि अशा दुखापतीची किंमत कशी करतात? मला खरंच काही कळत नाही.

संपादक | 16 नोव्हेंबर, रात्री 11.05

सर्वांना विनंती: गाडीचा नंबर, इस्पितळ-दुकान-कंपनीची नावं, कुणाचं खरं नाव इथे टाकू नका. अनुभव लिहा, बोट दाखवू नका.

चाकावरचा_सांगेकर | 17 नोव्हेंबर, सकाळी 6.20

भाऊ, कायद्याचं सांगणारे येतील. मी आधी दुसरं सांगतो.

मी 2009 पासून खुर्चीवर. डी-12. खनिजाच्या ट्रकांचा काळ होता, आमच्या भागातले लोक समजतील. पहिल्या वर्षी मला दुखापतीनं जेवढं छळलं नाही तेवढं बेडसोरनं छळलं. माकडहाडावर आठ आण्याएवढा काळा डाग दिसला, घरच्यांना वाटलं मळ आहे. आत हाडापर्यंत पोकळ झालं होतं. पाच महिने पालथा पडून काढले.

म्हणून: दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस आहे म्हणून सुट्टी नाही. टाचा, माकडहाड, खुब्याची हाडं, रोज आरशात बघायची. त्याला स्वतःला बघायला शिकवा, आईवर सोडू नका. गरम पाण्याची पिशवी, गरम ताट मांडीवर ठेवायचं नाही, भाजलेलं त्याला कळणारच नाही. लघवी ढगाळ झाली, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एक वही घाला. आजच. का ते कुणीतरी सांगेलच.

नेत्रावळी | 17 नोव्हेंबर, दुपारी 1.15

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरचं शब्द न् शब्द बरोबर.

"कम्प्लीट" म्हणजे गुदद्वाराच्या अगदी खालच्या भागातही संवेदना वा हालचाल शिल्लक नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत स्पायनल शॉक (मज्जारज्जू काही काळ बधिर पडणं) असतो, सूज असते, म्हणून ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. तीन महिन्यांनी पुन्हा करून तारखेसकट लेखी घ्या. डी-10 ला हात, छाती, पोटाचा वरचा भाग शाबूत असतो. म्हणजे तो स्वतः खुर्चीत उतरू शकेल, हातानं चालवायची गाडी चालवू शकेल, दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकेल. कायमची लावून ठेवलेली नळी आणि ही पद्धत यात जंतुसंसर्गाचा फार फरक पडतो, विचारून घ्या. पुनर्वसनासाठी मुंबईला हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, केंद्र सरकारची, 1955 पासूनची. महिनाभर राहून शिकून येणाऱ्याच्या आणि घरी पडून राहणाऱ्याच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिलाय.

घराची दारं मोजलीत का?

व्हाळाकाठी | 17 नोव्हेंबर, रात्री 9.30

मोजली. खोलीचं 33 इंच, ठीक. न्हाणीघराचं 26. खुर्ची 25. बाहेरून चाक फिरवताना बोटांची सालं निघतात. सोप्यावरून अंगणात उतरायला चिऱ्याच्या चार पायऱ्या. त्याला खाली न्यायचं तर मी, दोस्त आणि शेजारचे काका असे तिघे लागतो. म्हणून तो खालीच येत नाही. म्हणतो, "तुमची कंबर मोडली तर कोण बघणार?"

बिनधास्त_77 | 17 नोव्हेंबर, रात्री 10.10

राग मानू नका, पण गोव्यात रविवारी संध्याकाळी स्कूटरवरून येणारे दोन पोरगे आणि "भरधाव", यात मी काय समजायचं? मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं का? स्वतः नियम मोडायचे आणि भरपाई मागायची.

तांबडी_माती | 18 नोव्हेंबर, रात्री 8.50

मी वकिली करते, म्हापसा-पणजी. अपघात दाव्यांत पंधरा वर्षं गेली. एकेक घेते. आधी बिनधास्त, कारण हाच प्रश्न विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत विचारणार आहे.

हेल्मेट कण्याला घालत नाहीत. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, नसेल तर दंड भरा. पण भरपाई कापायची तर नियमभंगाचा आणि झालेल्या इजेचा संबंध दाखवावा लागतो. 2020 मध्ये महंमद सिद्दिकी प्रकरणात मोटरसायकलवर तिघं बसलेले असूनही सर्वोच्च न्यायालयानं तेवढ्यावरून मागच्याची चूक धरायला नकार दिला. इथे डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. आणि मागे बसलेल्याच्या हातात ना ब्रेक ना अ‍ॅक्सिलरेटर. चालवणारा भरधाव असेल नाहीतर नसेल, ते पाप मागच्याच्या माथी येत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या कायद्यात "महाभयंकर दुखापत" असा वेगळा कप्पा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 116 गंभीर दुखापतीचे आठ प्रकार सांगतं: डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, हाड मोडणं वगैरे. त्यात मोडलेलं मनगट आणि मोडलेला कणा एकाच यादीत. गाडीवाल्यावर फौजदारी खटला चालेल, कदाचित तो सुटेलही. त्यानं तुमचा दावा बुडत नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (भरपाई ठरवणाऱ्या कोर्टात) कुठली बाजू जास्त संभवनीय एवढंच बघतात. हा फरक कळला नाही म्हणून "तो सुटला, आता काय मिळणार" असं समजून घरी बसलेली माणसं मी पाहिलीत.

तुमच्या आईचा प्रश्न मात्र कायद्यातला सगळ्यात रंजक प्रश्न आहे. दोन वाहनांच्या चुकीत तिसरा माणूस जखमी झाला तर त्याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. स्वतःच्याही चुकीनं जखमी होणं वेगळं, तिथे वाटा कापतात. संयुक्त निष्काळजीपणात जखमी माणूस दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. खेन्येई प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्वच्छ सांगितलंय. म्हणजे गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी एवढ्यांवर दावा घालता येतो. टुरिस्ट कुठे पळाला याची चिंता नको, गाडी गोव्याची आहे आणि विमा गाडीचा असतो.

पण खोटा दिलासा देत नाही. पूर्ण रक्कम भरल्यावर विमा कंपनी दोस्ताच्या वाट्यासाठी त्याच्या मागे लागू शकते. म्हणून एक बघा: दोस्ताच्या स्कूटरची पॉलिसी कुठली आहे? फुल की फक्त थर्ड पार्टी?

व्हाळाकाठी | 18 नोव्हेंबर, रात्री 11.20

विचारलं. फक्त थर्ड पार्टी. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळाली ती घेतली होती.

तांबडी_माती | 19 नोव्हेंबर, सकाळी 7.40

मग तर त्याला प्रतिवादी करून हाती फार लागणारही नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खाजगी दुचाकीवर मागे फुकट बसलेला माणूस धरला जात नाही, टिळक सिंग निकाल, 2006. लोकांना वाटतं थर्ड पार्टी म्हणजे आपण सोडून सगळे. मागे बसलेली बायकोसुद्धा त्यात येत नाही! इथे वाचणाऱ्या प्रत्येकानं आज आपली पॉलिसी काढून बघा. पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत मागचा येतो, स्वस्तवालीत नाही.

तेव्हा त्याच्या वाट्याचे पैसे निघाले तर त्याच्या खिशातून. दोस्त कामाचा आहे तो साक्षीदार म्हणून. गाडी आतून कशी आली, थांबली का, इंडिकेटर होता का, हे पाहणारा तोच. विरोधी वकील "मित्र आहे म्हणून बोलतो" म्हणणार. म्हणून रस्त्याचा नकाशा, स्कूटरच्या घसटीच्या खुणा, गाडीच्या दाराला नेमकी कुठे पोच आली त्याचे फोटो हवेत. गाडीच्या तोंडाला नाही, दाराला पोच, म्हणजे गाडी आडवी आली होती. हे दार तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. आसपासच्या दुकानाचं सी.सी.टी.व्ही. घेतलं होतं का?

व्हाळाकाठी | 19 नोव्हेंबर, दुपारी 12.05

नाही. तेव्हा सुचलंच नाही. आता विचारलं तर म्हणे पंधरा दिवसांनी पुसलं जातं.

तांबडी_माती | 19 नोव्हेंबर, रात्री 9.15

साहजिक आहे, त्या दिवसांत कुणाला सुचतं. 2022 पासूनच्या नियमांत पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. जाऊन प्रत मागा, ती तुमचा हक्क आहे. फोटो त्यात असायला हवेत.

तारीख लिहून ठेवा: 24 फेब्रुवारी. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आली, 1 एप्रिल 2022 पासून लागू. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण कोर्टाच्या भरवशावर मुदत घालवू नका. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे दाखल करता येतो.

फीचं आत्ताच सांगते. "मिळेल त्यातले वीस टक्के" म्हणणारा भेटेल. टक्क्यावर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि भाऊ अपंग असल्यानं विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील त्याला उत्पन्नाची अट न लावता मिळतो. त्यात कमीपणा काही नाही.

भाटातलो | 20 नोव्हेंबर, सकाळी 8.00

थोडं अवांतर. आमच्या भाटात (नारळीच्या बागेत) गेल्या वर्षी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून पडला. पस्तीस फूट. जगला, पण कमरेखाली तोच प्रकार. माड भाटकाराचा (बागमालकाचा), पाडेली दर माडामागे पैसे घेणारा, सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मालक कोण? गावात दोन तट पडले. भाटकारानं चाळीस हजार दिले आणि हात जोडले. एकांच्या मते देवमाणूस, दुसऱ्यांच्या मते सुटला स्वस्तात.

तांबडी_माती | 20 नोव्हेंबर, रात्री 10.00

अवांतर कुठलं, गोव्यातला कणा मोडण्याचा जुना रस्ता माडावरूनच जातो. रस्त्यावर मालक, चालक, विमा अशी तीन तोंडं शोधता येतात. माडाखाली एकही धड सापडत नाही. मजूर होता हे सिद्ध झालं तर नुकसानभरपाई कायदा लागतो, पण रोज चार भाटांत चढणाऱ्याचा मालक कुठला हे दाखवता दाखवता वर्षं जातात. म्हणून नारळ विकास मंडळाची "केरा सुरक्षा" ही चढणाऱ्यांसाठीची विमा योजना आहे, हप्त्याचा मोठा भाग मंडळ भरतं. किती पाडेलींनी घेतलीय? भाटकारांनीच पुढाकार घेऊन काढून द्यावी, हे माझं मत. चाळीस हजारांपेक्षा फार स्वस्त पडेल.

वेर्ण्याचा_पारा | 20 नोव्हेंबर, रात्री 11.30

कारखान्याचं मी सांगतो. माझा मावसभाऊ वेल्डर, वय 35, पगार 24,000. 2022 मध्ये शेडच्या पत्र्यावरून खाली आला. पत्रा पारदर्शक फायबरचा, वर धूळ, पाय ठेवला आणि गेला आरपार. डोक्याला मार. चालतो, बोलतो, पण पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही आणि पोरावर हात उगारतो. आधी मुंगीसुद्धा मारत नव्हता.

कंपनी म्हणाली, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, बेल्ट दिला होता, यानं लावला नाही.

तांबडी_माती | 21 नोव्हेंबर, रात्री 9.40

दोन्ही सबबी जुन्या आहेत. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम 12: आपल्याच धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तर मुख्य मालकही देणं लागतो, नंतर त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावं. बेल्ट न लावण्याची सबब मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात चालत नाही. तिथे मजुराची चूक बघतच नाहीत.

दुखतं ते आकड्यात. पगार कितीही जास्त असो, 2020 च्या अधिसूचनेनं हिशेबाला 15,000 धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणांक, 35 ला 197.06. झाले 17,73,540. पगार चोवीस हजार होता याला काही किंमत नाही. महिन्यात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज आणि वर 50 टक्क्यांपर्यंत दंड. पगार 21,000 च्या आत असता तर ई.एस.आय.चं (कामगार राज्य विम्याचं) दार होतं, तिथे पेन्शन मिळतं आणि हा दावा घालता येत नाही. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय, आजच, 21 नोव्हेंबर 2025 ला, अधिसूचना आलीय. जुन्या अपघाताला जुनाच हिशेब.

मेंदूच्या इजेत सगळ्यात मोठी अडचण अशी की माणूस चालताना दिसतो. साहेबासमोर नीट बसतो, नाव सांगतो. पोरावर हात उगारतो हे कागदावर येत नाही. न्यूरोसायकॉलॉजीची चाचणी करून घ्या आणि वहिनींना साक्षीला उभं करा.

व्हाळाकाठी | 22 नोव्हेंबर, रात्री 10.15

@तांबडी_माती ताई, अपंगत्वाचा दाखला हातात आला. 80 टक्के लिहिलंय. म्हणजे भरपाई 80 टक्केच?

तांबडी_माती | 23 नोव्हेंबर, सकाळी 11.00

याच प्रश्नाची वाट बघत होते. रविवार आहे, सविस्तर लिहिते.

शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उदाहरणच दिलंय: डावा हात गेला, दाखल्यावर 60 टक्के. सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकेल. हात तोच, टक्का तोच, नुकसान वेगळं.

तुमचा भाऊ काय करायचा? शिडी लावून भिंतीवर चढायचा, गच्चीवर तीस-पस्तीस किलोचं आउटडोअर युनिट उचलायचा. त्या धंद्यापुरता तो 100 टक्के संपला, हे आपण मांडायचं. आकडा बघा. महिना 22,000 सिद्ध झाले असं धरू. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के (प्रणय सेठी, 2017): 30,800. वर्षाचे 3,69,600. वय 29 चा गुणक, म्हणजे किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा, 17 (सरला वर्मा, 2009): 62,83,200. हेच 80 टक्क्यांनी केलं तर 50,26,560. एका शब्दाचा फरक साडेबारा लाखांचा.

दुसरी बाजूही सांगते. विरोधी वकील म्हणेल, हात शाबूत आहेत, दुकानात बसून पी.सी.बी. (सर्किटच्या पाट्या) दुरुस्त करेल. तेही खोटं नाही, आणि त्यानं ते करावं अशी माझी इच्छाही आहे. माणूस पुन्हा उभा राहिला की त्याच्या भरपाईला कात्री, असं विचित्र गणित आहे हे. मला ते पटत नाही, पण त्याला तोंड द्यावं लागतं.

म्हणून 22,000 सिद्ध करा. रिटर्न भरत नव्हता ना? फोनमधल्या यू.पी.आय.च्या नोंदी, गॅस-तांब्याच्या नळीची दुकानदाराची बिलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी चार-पाच जण साक्षीला. नाहीतर किमान वेतन धरतील.

आता सांगेकरबाब म्हणाले ती वही. न्यायाधिकरण एकदाच निवाडा देतं. पाच वर्षांनी बेडसोर झाला, ऑपरेशन आलं, म्हणून परत जाऊन मागता येत नाही. नागप्पा निकालात 2002 मध्ये हे ठरलंय. म्हणजे पुढच्या चाळीस वर्षांचा खर्च आत्ता, एका दाव्यात मागायचा. तो आणायचा कुठून? वहीतून. आज महिन्याला किती नळ्या, किती हातमोजे, किती डायपर, गादी किती वर्षांनी, खुर्ची किती वर्षांनी, न्हाणीघर फोडायचं अंदाजपत्रक.

आणि माणूस. काजल नावाच्या मुलीचं प्रकरण आहे, 2007 मध्ये अपघात झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती, बुद्धी तान्ह्या बाळाची राहिली. उच्च न्यायालयानं 25.78 लाख दिले होते. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये 62.27 लाख केले. त्यातले 21.60 लाख नुसते सांभाळणाऱ्या दोन माणसांचे: महिना पाच-पाच हजार, गुणिले बारा, गुणिले अठरा. सेवेलाही गुणक लावायचा, हे तिथे ठरलं. तुमच्याकडे दहा हजारांचा एक माणूस धरला तरी सतराच्या गुणकानं 20,40,000 होतात. सेवा घरच्यांनी केली म्हणून ती फुकट ठरत नाही.

लोक अदालतीत पंचवीस लाखांवर मिटवू म्हणतील. उद्याच्या उद्या चेक. हे आकडे शेजारी ठेवून मग हो-नाही ठरवा.

चाकावरचा_सांगेकर | 23 नोव्हेंबर, दुपारी 3.30

मी सहा लाखांवर मिटवलं होतं 2011 मध्ये. वही नव्हती.

बिनधास्त_77 | 23 नोव्हेंबर, रात्री 9.00

मी जे लिहिलं ते न वाचता लिहिलं. मागे बसलेल्याचा विचार केला नव्हता. माझीही पॉलिसी स्वस्तवालीच निघाली.

भाटातलो | 24 नोव्हेंबर, सकाळी 9.10

वही म्हणजे काय काय लिहायचं? नमुना टाका कुणीतरी. पाडेलीच्या घरी नेऊन देतो.

व्हाळाकाठी | 24 नोव्हेंबर, रात्री 11.00

आमचं कालचं पान जसंच्या तसं:

"पहाटे 4: उजवीकडे (आई). 6: नळी, 400 मिली, स्वच्छ. 6.30: उताणा. 7 ते 8.15: पोट साफ, आंघोळ (आई, मी). डाव्या टाचेला लाल, बोट दाबल्यावर पांढरं होतं. 10: खुर्ची, 40 मिनिटं, चक्कर नाही. 12: नळी. दुपारी फिजिओ, 500 रु. 4 आणि 6: कूस (आई). संध्या. 7: नळ्या संपल्या, फार्मसी 640 रु. रिक्षा 120. रात्री 9: कूस, पाय हलवणे (दोस्त). 11: मी. 1: मी."

नेत्रावळी | 25 नोव्हेंबर, दुपारी 2.00

लाल जागा दाबल्यावर पांढरी होते म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. टाच हवेत तरंगती ठेवा, पोटरीखाली उशी. दाबून पांढरी व्हायची थांबली तर मात्र थांबू नका.

व्हाळाकाठी | 19 फेब्रुवारी, रात्री 10.20

खूप दिवसांनी येतोय. परवा दावा दाखल झाला. गाडीचा मालक, चालक, विमा कंपनी. दोस्ताचं नाव साक्षीदारांत. पोलिसांच्या सविस्तर अहवालात दाराच्या पोचीचे तीन फोटो निघाले. आई जेवते.

न्हाणीघराचं दार 34 इंच केलं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर उतरण घातली, गवंडी म्हणत होता सहा फूट पुरे. सांगेकरबाबांनी फोनवर बजावलं होतं, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आमची उंची दोन फूट, म्हणून ती अंगणात वळसा घेऊन तुळशीपर्यंत गेलीय. भाऊ पहिल्या दिवशी तीनदा उतरला आणि चढला.

@तांबडी_माती ताई, एक शंका. रात्री 9 ची पाळी दोस्ताची, सप्टेंबरपासून एकही चुकवलेली नाही. तिचे पैसे दाव्यात लावायचे का?

तांबडी_माती | 20 फेब्रुवारी, सकाळी 8.15

लावायचे. बाहेरचा माणूस ठेवला असता तर जे पडले असते ते. त्याला विचारून आकडा घाला.

व्हाळाकाठी | 20 फेब्रुवारी, रात्री 11.45

विचारलं. काही बोलला नाही. मनगट अजून नीट वळत नाही त्याचं, डाव्या हातानं कूस बदलतो. तो गेल्यावर वही उघडली. मी त्याच्या नावापुढे पेन्सिलनं 150 लिहिलं होतं ते त्यानं खोडलंय, पहिल्या पानापर्यंत मागे जाऊन, प्रत्येक पानावर.

तांबडी_माती | 21 फेब्रुवारी, सकाळी 7.05

खाडाखोड तशीच राहू दे. वही मूळ स्वरूपातच दाखल करू.